ओठांपुरतं

ताटं पडली आणि आवाज झाला नाही. पडद्यावरच्या मुलाच्या हातून ताटांची अख्खी चळत निसटली, फरशीवर आदळली, त्यातलं एक ताट गरगरत दारापर्यंत गेलं आणि भिंतीला टेकून निजलं. आणि सभागृहात मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी खोकल्याखेरीज काही ऐकू आलं नाही. तिचे हात मात्र मांडीवर आपोआप हलले. बोटं आखडली, पसरली, ताट गरगरताना मनगट त्याच्याबरोबर फिरलं. सवय, दुसरं काय. चित्रपटांना आवाज पुरवणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. गाण्याबोलण्याचे आवाज नव्हेत, बाकीचे, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते. नायिका जिना उतरते तेव्हा स्टुडिओतल्या लाकडी खोक्यावर तिच्या मापाच्या चपला घालून नाचणारी ही असते. खलनायकाचं हाड मोडतं ते हिने माइकपुढे मोडलेलं गाजर असतं. स्टुडिओत सगळे तिला खडखडबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. लहानपणी घरी तिला असलं नाव मिळालं असतं तर तो गुन्हा ठरला असता.

पण धक्का बसला तो ताटांचा नव्हे, खांद्याचा. ताटं पडली त्याच क्षणी आतल्या खोलीत पाठमोऱ्या झोपलेल्या बापाचा खांदा दचकला. एवढासाच. इतर कुणाला दिसलाही नसेल. तिला नटांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, खांदे राहतात, कारण पडद्यावरच्या माणसाला आवाज नेमका कधी ऐकू आला हे त्याच्या तोंडाआधी त्याचा खांदा सांगतो, आणि ठोका तिथेच द्यावा लागतो. नट चांगला होता. दचक अगदी वेळेवर होती. तरीही तिच्या आतून कुणीतरी ठामपणे म्हणालं की हे चूक आहे, खांदा हलला नव्हता. हे आपल्याला कुठून माहीत, हे आठवायला तिला थोडा वेळ लागला, आणि आठवलं तसं तिने शेजारच्या खुर्चीकडे चोरून पाहिलं. खरा खांदा तिथे बसला होता. म्हातारा, कोटाच्या आत सैल पडलेला, एका बाजूला जरा उतरलेला. बाबा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, मान पुढे काढून, डोळे फाडून चित्रपट बघत होते.

त्यांना इथे आणायची अवदसा तिला आठवली होती. म्हणजे सुचवलं धाकट्यानेच. तिचा भाऊ दिग्दर्शक झाल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढीच वर्षं तो घरी येतो-येतो म्हणून फोनवर सांगत होता. ‘ताई, बाबांना घेऊनच ये,’ तो म्हणाला होता. ‘आपल्या लहानपणावर आहे. आणि हा एकच चित्रपट असा आहे की त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत कळेल. बोलणं नाही, संगीत नाही, काहीच आवाज नाही.’ ती म्हणाली, ‘म्हणजे मला काम नाही म्हण.’ ‘तुला सुट्टी,’ असं म्हणून तो हसला, तीही हसली, आणि फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपल्याला लागलंय. उभ्या जगाच्या पोरांची पावलं वाजवून द्यायची आणि आपल्या घराचा चित्रपट होतो तेव्हा आपल्याला सुट्टी. पण बाबांचं तिला बरं वाटलं. त्यांचे दोन्ही कान गेल्याला जमाना झाला होता, यंत्रं लावून झाली, काढून झाली. लोक हसले की ते मागाहून हसत, आणि ते मागाहूनचं हसणं लोकांच्या लक्षात येतंय हे त्यांच्या लक्षात आल्यापासून त्यांनी चित्रपटाला जाणंच सोडून दिलं होतं. तिने त्यांच्यासमोर बसून, तोंड नीट उघडून सांगितलं, ‘ह्यात ऐकायचं काही नाही. नुसतं बघायचं. सगळ्यांनाच.’ त्यांनी स्वतः बुटांना पॉलिश केलं. कोट काढला. आरशात पाहून म्हणाले, ‘पोरानं माझ्यासाठीच काढलेला दिसतोय.’ हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की खालच्या मजल्यावर कळलं असेल, कारण आपला आवाज केवढा आहे हे त्यांना आता कळत नसे.

दिवे मालवले आणि थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की हा चित्रपट कुठे चाललाय. एक घर. एक बंद दार. दाराबाहेर काढून ठेवलेले मोठे, शाईने काळे झालेले बूट, आणि त्या बुटांना वळसा घालून मांजराच्या पावलाने जाणारा एक मुलगा. दाराची कडी. दाराखालची फट. बापाचा चेहरा धाकट्याने बराच वेळ दाखवलाच नव्हता, नुसते बूट आणि पाठ, आणि ते जितकं दाखवत नव्हता तितकी सभागृहातली माणसं खुर्चीत आक्रसत चालली होती. धाकट्याला त्याचं काम येत होतं, हे तिला कबूल करावं लागलं. आणि ते कबूल करता करता तिने पुन्हा बाबांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच शेजारच्या म्हाताऱ्याला एक चित्रपट पूर्ण कळत होता, आणि त्यातला राक्षस तो स्वतः होता. उठावं, त्यांना चक्कर येतेय म्हणून सांगावं, बाहेर न्यावं. पण ते बसले होते दुसऱ्या रांगेत, अगदी मधोमध, दिग्दर्शकाच्या घरचे म्हणून. मग तिने मनाशी एवढंच धरलं की हे संपेपर्यंत बाबांना काही कळू नये. त्यांनी हे दुसऱ्या कुणाचं तरी घर समजावं, ‘बरा होता’ म्हणावं, आणि आपण त्यांना घरी घेऊन जावं.

‘हे आपलं घर!’ बाबा म्हणाले.

ते त्यांच्या हिशेबाने कुजबुजले होते. अख्ख्या सभागृहाने ऐकलं. मागून कुणीतरी ‘श्श’ केलं, पुन्हा केलं, आणि बाबांना ते अर्थातच ऐकू आलं नाही. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. ते तिच्याकडे बघून हसले, मान डोलावली, आणि पुन्हा पुढे झुकले.

घर आपलंच होतं, ते खोटं नव्हतं. बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला मोठ्या यंत्रावर होते. सकाळी बोटांना शाई आणि अंगाला तेलाचा वास घेऊन यायचे, जेवायचे, आणि आतल्या खोलीत जाऊन निजायचे, ते दिवस कलल्यावर उठायचे. म्हणजे जगातल्या इतर पोरांचा जो दिवस असतो, खेळण्याचा, भांडण्याचा, मोठ्याने पाढे म्हणण्याचा, तो त्या घरात रात्र होती. आईचा कडक नियम होता. बाबा निजलेत तोवर घरात हूं की चूं नाही. त्यामागे तिचं काय होतं, हे मुलांना पुष्कळ उशिरा कळलं: शेजारच्या बिऱ्हाडातला माणूस त्याच छापखान्यात होता, दोन दिवस पोरीच्या तापामुळे त्याला झोप मिळाली नाही, आणि तिसऱ्या रात्री यंत्राच्या रुळात हात गेला. त्याची उरलेली बोटं आईने पाहिली होती, आणि त्या दिवसापासून तिने नवऱ्याची झोप देवासारखी सांभाळली. पण लहान मुलांना असलं काही समजावून सांगत नाहीत. त्यांना सोपं करून सांगतात. ‘बाबा उठतील,’ आई म्हणायची, आणि डोळे मोठे करायची. बाबा उठले तर काय होईल, हे ती कधी सांगत नसे. ते मुलांनी आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवायचं होतं. तिने, थोरलीने, ठरवलं होतं की बाबा मारतील. धाकट्याने त्याहून मोठं काहीतरी ठरवलं असणार, कारण कल्पनाशक्ती त्याला पहिल्यापासून जास्त होती.

आणि मग त्या दोघांनी बोलण्याची एक तऱ्हा काढली. कुजबुज आईला चालत नसे, कुजबुजीला स असतो, श असतो, तो दाराखालून जातो असं ती म्हणायची. म्हणून मग नुसते ओठ हलवायचे. ओठांपुरतं बोलायचं, असं ती दोघं म्हणत. त्याचा सराव लागतो. सुरुवातीला राग आला किंवा हसू आलं की घसा मध्येच वाजतो. तर त्यासाठी तिने युक्ती काढली होती की बोलताना दोन बोटं घशावर ठेवायची, आणि बोटाखाली जरा जरी थरथरलं तरी तोंड मिटायचं. धाकट्याला बोलायला शिकवलं तेच असं. बाकीची पोरं आधी ओरडतात आणि मग बोलायला शिकतात. तो आधी ओठ हलवायला शिकला, आवाज त्याला नंतर शाळेत भेटला. पुढेपुढे बाबा जागे असतानाही ती तसंच बोलत, कारण कधी थांबायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बाबा जेवायला बसत, आई त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीबाही सांगे, आणि समोर दोन मुलं तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसून एकमेकांशी ओठांपुरती भांडत. बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत. ते बघणं तिला अजून आठवत होतं. राग दाबून धरलेल्या माणसाची ती नजर आहे, याबद्दल तिला तेव्हा काडीची शंका नव्हती.

पडद्यावर बाप उठला होता. दार उघडलं, बूट न घालताच तो बाहेर आला, मुलाच्या दंडाला धरून त्याने त्याला फरफटत नेलं, आणि अडगळीच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. मुलाचं तोंड उघडं होतं, तो ओरडत असावा, आवाज नव्हता. मागे कुणीतरी मुसमुसलं. ती मात्र तिथे नव्हतीच. ती अजून ताटांपाशी होती. कारण ती ताटं धाकट्याच्या हातून पडलीच नव्हती. तो तेव्हा दुपट्यात होता. ताटं तिने पाडली होती, आणि चित्रपटात बहीण नव्हती. मुलाला एकटं ठेवायचं म्हणून धाकट्याने ती काढून टाकली असणार. किंवा ती गोष्ट त्याने तिच्याच तोंडून, तिच्याच ओठांवरून इतक्या वेळा वाचली असेल की ती त्याला स्वतःची वाटू लागली असेल. तिची भीती त्याने उचलली, वापरली, आणि तिला सुट्टी दिली. हे तिला जितकं झोंबायला हवं होतं तितकं झोंबलं नाही. तिला दुसरंच काहीतरी छळत होतं. ताटं पडली तेव्हा आई धावत आली होती, आतल्या दाराकडे बघून मटकन खाली बसली होती, तोंडावर हात धरून. आणि तिने स्वतः, आता मेलेच असं समजून, पुढे जाऊन दाराच्या फटीतून आत पाहिलं होतं. बाबा कुशीवर झोपले होते. गालाखाली तळहात. खांदा हलला नव्हता, पापणी हलली नव्हती, श्वाससुद्धा अडला नव्हता. तेव्हा तिने त्याचा एकच अर्थ लावला. बाबा जागे आहेत. त्यांनी ऐकलंय. ते राग साठवून ठेवतायत आणि कधीतरी, आपण विसरल्यावर, तो बाहेर काढणार आहेत. त्या माराची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली. परीक्षेचा निकाल दाखवताना पाहिली, पहिल्यांदा उशिरा घरी आली तेव्हा पाहिली, लग्न मोडून परत आली तेव्हासुद्धा दारात उभी राहून तिला वाटलं होतं, आज. बाबांनी नुसती बॅग हातातून घेतली होती. मार कधी आलाच नाही, म्हणून भीती कधी संपली नाही.

आता ती खडखडबाई होती, आणि खांदे वाचून पोट भरत होती. झोपेचं सोंग घेतलेला खांदा कसा असतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. तो जास्त स्थिर असतो. त्या दिवशीचा खांदा तसा नव्हता, तो सैल होता, श्वासाबरोबर वरखाली होत होता. हातभर अंतरावर चळतभर ताटं फरशीवर आदळली आणि त्या माणसाच्या अंगाला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने तो विचार पुरता होऊ दिला नाही, कारण तेवढ्यात बाबांनी तिला कोपराने ढोसलं होतं.

‘तो काय म्हणतोय कळलं का तुला?’ ते म्हणाले. पुन्हा मागून ‘श्श’. पडद्यावर अडगळीच्या खोलीतल्या मुलाचे ओठ हलत होते. धाकट्याने अक्षरांच्या पाट्या टाकल्या नव्हत्या, तेव्हा मुलगा काय बोलतोय हे ओठ वाचणारी ती सोडली तर सभागृहात कुणालाच कळत नव्हतं, कळू नये अशीच योजना असावी. पण बाबांना कळत होतं. छापखान्यात यंत्रं चालू असताना कानाशी ओरडलेलं ऐकू येत नसे, तिथले सगळे एकमेकांचे ओठ वाचत, आणि बाबांचा तर जन्म त्यात गेलेला. ‘तो म्हणतोय, मी पुन्हा नाही करणार,’ बाबांनी तिला सांगितलं, एखाद्या परदेशी माणसाचं बोलणं समजावून द्यावं तसं. थोड्या वेळाने पुन्हा, ‘आता म्हणतोय, हळू.’ तिने मान डोलावली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सगळ्या लोकांत तिच्याखेरीज संवाद ऐकू येणारा एकच माणूस होता.

मग ते दृश्य आलं. खिडकीबाहेर शेजारचा एक मुलगा उभा आहे आणि आतला मुलगा त्याला बोलायला शिकवतोय. आतल्याने स्वतःची दोन बोटं स्वतःच्या घशावर ठेवली. मग गजांतून हात काढून बाहेरच्या मुलाची बोटं त्याच्या घशावर ठेवून दिली. ओठ हलवून दाखवले. बाहेरच्याने करून पाहिलं, त्याचा घसा थरथरला असावा, कारण आतल्याने घाबरून त्याच्या तोंडावर हात दाबला आणि दाराकडे पाहिलं. पुन्हा बोटं, पुन्हा ओठ. ह्या वेळी जमलं. दोघं हसली. सगळा पडदाभर तो लहानसा घसा आणि त्यावरची दोन बोटं धाकट्याने किती तरी वेळ धरून ठेवली होती. लोक श्वास रोखून बघत होते. तिने बाबांकडे पाहिलं. ते आता पुढे झुकलेले नव्हते. खुर्चीला टेकून बसले होते, तोंड किंचित उघडं होतं, आणि त्यांची स्वतःची दोन बोटं कॉलरच्या आत, घशावर गेली होती. त्यानंतर त्यांनी तिला काहीही समजावून सांगितलं नाही. शेवटी बाप म्हातारा होतो, दारापुढचे बूट धूळ खात पडतात, मुलगा मोठा होऊन ते उचलतो आणि पुन्हा तिथेच ठेवतो. ते सगळं येऊन गेलं, आणि बाबा हललेसुद्धा नाहीत.

दिवे लागले. टाळ्या बराच वेळ चालल्या. धाकटा मंचावर आला, त्याला माइक दिला गेला, आणि तो फार छान बोलला. कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं. ‘ज्या घरात आवाज करायला बंदी होती त्या घराचा चित्रपट बोलका कसा करणार?’ असं तो म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. ‘मी पुष्कळ वर्षं त्या माणसाचा द्वेष केला. हा चित्रपट करता करता तो द्वेष संपला. मी त्याला माफ केलंय. तो आज इथे बसलाय.’ सगळी सभा वळली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, ह्या वेळी उभं राहून. बाबांनी आजूबाजूला पाहिलं, सगळे आपल्याकडे बघून टाळ्या वाजवतायत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि निवृत्तीच्या दिवशी छापखान्यात केलं होतं तसं त्यांनी उठून, जरा ओशाळून, सगळ्यांना हात जोडले. ‘काय म्हणतोय तो?’ त्यांनी तिला विचारलं. मंच लांब होता, माइकने धाकट्याचं तोंड झाकलं होतं, तेवढं एक वाचता आलं नव्हतं. ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, ‘तुमचं कौतुक करतोय.’

बाहेरच्या दालनात धाकट्याभोवती माणसांचा गराडा पडला होता. तिने त्याला बाजूला ओढलं. ‘बाबांनी तुला कधी हात लावला होता?’ तिने विचारलं. ‘खरं सांग. एकदा तरी?’

‘ताई, हे आत्ता काढायचं का?’

‘मला आठवत नाही म्हणून विचारते.’

‘हात लावला नसेल,’ तो म्हणाला. ‘पण मला अजून दार बंद करून झोपता येत नाही. माझ्या बायकोला विचार. ते काय मी मनाने रचलं? भीती खरी होती की नव्हती? तू सांग, तुला होती की नव्हती?’ भीती होतीच. त्याचा चेहरा क्षणभर त्या खिडकीतल्या मुलासारखा झाला होता, आणि तिला त्याचा राग धरून ठेवता येईना. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबा त्यांच्यापाशी पोचले. त्यांनी धाकट्याच्या बाहीला धरलं.

‘तुम्ही आवाज काढतच नव्हता?’ बाबा म्हणाले. दालनातली बोलणी थांबली, इतक्या मोठ्याने. ‘ते घशावर हात ठेवून. नुसतं तोंड हलवायचा? दोघंही?’

धाकट्याने मान डोलावली.

‘मला वाटलं, मला ऐकू येत नाही,’ बाबा म्हणाले. ‘उजवा कान तेव्हा गेलाच होता. डावा उशीत दाबून निजायचो, म्हणजे जगबुडी आली तरी कळायचं नाही. पण डाव्याने येत होतं रे. तुझ्या आईचं येत होतं. छापखान्याचा डॉक्टर म्हणालेला, आधी बारीक आवाज जातात, पोरांचे. घरी येऊन बघतो तर तुमची तोंडं चाललीयेत आणि मला काहीच नाही. म्हटलं, गेले. कुणाला सांगायची सोय नव्हती, यंत्रावरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं असतं. बसायचो आपला तुमचे ओठ वाचत. खाली रस्त्यावरच्या पोरांचा गलका यायचा, तर वाटायचं, ती ओरडतात म्हणून येतो.’ ते थांबले. ‘म्हणजे तुम्ही बोलला असता तर मला आलं असतं.’

लोक ऐकत होते. एका बाईने हातातला फोन वर धरला होता. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला, आणि मग त्याने ते केलं जे त्याला जमत होतं. त्याने बाबांच्या खांद्यावर हात टाकला, गर्दीकडे वळला, आणि हसून, मवाळपणे म्हणाला, ‘त्यांना ऐकू येत नाही.’ गर्दी समजुतीने हसली. कुणीतरी त्याला पुढचा प्रश्न विचारला. तिला तो म्हणाला, ओठांपुरतंच, तिला एकटीला कळेल असं, की ह्यांना घरी ने. बाबांनी तेही वाचलं.

ती दोघं पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. संध्याकाळची वाहनं धो-धो चालली होती, हॉर्न, ब्रेक, कुठेतरी शटर ओढल्याचा आवाज. एरवी ह्या आवाजांनी तिला भूक लागल्यासारखं व्हायचं. बाबा तिच्या हाताला धरून चालत होते आणि चालता चालता तिच्या तोंडाकडे बघत होते. जेवताना बघायचे तसेच. तिला ती नजर आता नीट दिसली. त्यात राग नव्हता, कधीच नव्हता. एखादा माणूस जीव तोडून काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत असावा, तशी ती होती. तिला भडभडून आलं. सगळं आयुष्य ज्याच्यापासून अंग चोरलं त्या माणसाने तिच्या ओठांवरून एक शब्द चोरायचा प्रयत्न केला होता, एवढंच घडलं होतं, आणि आता त्याचं काही म्हणजे काही करता येणार नव्हतं.

बसथांब्यापाशी ते थांबले. बाबांनी तिला आपल्यासमोर वळवून उभं केलं.

‘तुझा आवाज कसा होता गं?’ त्यांनी विचारलं. ‘लहानपणी. आता कसा आहे ते नाही विचारत, ते कळून उपयोग नाही. तेव्हाचा.’

तिने काय सांगायचं ते ठरवायला फार वेळ घेतला नाही. त्यांना दिसेल असं तोंड उघडून, सावकाश, प्रत्येक अक्षर ओठांवर मांडत ती म्हणाली, ‘बारीक होता, बाबा. फारच बारीक. डॉक्टर म्हणाले होते ना, तसाच. मी ओरडले असते तरी तुम्हाला आला नसता.’

‘खरं?’

‘अगदी खरं.’

बाबांनी तिचे ओठ आणखी थोडा वेळ पाहिले. मग त्यांनी मान हलवली, छातीतून श्वास सोडला, आणि ‘मग ठीक आहे,’ असं म्हणून ते बस कुठल्या बाजूने येते ते बघू लागले. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. शाळेत कवायतीच्या तासाला अख्ख्या मैदानाला हुकूम द्यायला बाई तिलाच पुढे काढत, कारण तिचा आवाज कुंपण ओलांडून पार रस्त्यापर्यंत जायचा.